‘मी करलं’ म्हणणाऱ्या मुलांची बाजू घेऊन

अडीच-तीन वर्षांचं मूल "मी करलं" म्हणालं की घरातलं कुणी ना कुणी लगेच "करलं नाही रे, केलं म्हणायचं" असं सांगतंच, आणि मला दरवेळी वाटतं की थांबा जरा, या पोराने आत्ता काय केलंय ते बघा तरी. कारण हा शब्द त्याने कुणाकडूनच ऐकलेला नसतो. आई असं म्हणत नाही, बाबा म्हणत नाहीत, आजीही म्हणत नाही. मग आला कुठून? त्याने तो स्वतः बनवला. पडला, बसला, उठला, झोपला, मारलं, वाचलं असं दिवसभर कानावर पडून पडून त्याच्या डोक्यात नियम तयार झाला की झालेली गोष्ट सांगायची तर शेवटी ‘ल’ येतो, आणि तो नियम त्याने ‘कर’ला लावला. मग "मी जालो" येतं, "ताई येली" येतं, "मला देलं नाही" येतं. सगळं अगदी नियमात बसणारं. नियमाबाहेर आहेत ते आपले केलं, गेलो आणि आली.

आणि यातली अजून भारी गोष्ट म्हणजे बरीच मुलं आधी काही महिने बरोबर बोलत असतात, मग चुकायला लागतात, मग परत बरोबर बोलतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर याचा भरपूर अभ्यास झालाय, तिथे मूल आधी ‘वेन्ट’ म्हणतं, मग एक दिवस ‘गोएड’ सुरू होतं, आईबाप घाबरतात की हे मागे चाललंय की काय. ते मागे नसतं चाललेलं. आधीचा बरोबर शब्द नुसता ऐकून उचललेला होता, आता त्याला नियम सापडलाय आणि तो दिसेल तिथे लावतोय.

१९५८ साली जीन बर्को नावाच्या अमेरिकन संशोधिकेने हे फार साध्या पद्धतीने दाखवून दिलं. तिने एका काल्पनिक पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र काढलं, त्याला ‘वग’ असं मनाने नाव दिलं आणि मुलांना म्हणाली, हा एक वग, आता अजून एक आला, आता इथे दोन काय आहेत? मुलं म्हणाली ‘वग्ज’. हा शब्द जगात नव्हताच, त्यामुळे कुणी शिकवला असेल, पाठ करून घेतला असेल, ही शक्यताच उरत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांकडे अनेकवचनाचा नियम तयार होता आणि ती तो नव्या शब्दाला लावू शकत होती, मग भले त्यांना अनेकवचन म्हणजे काय ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

मी भाषाशास्त्राची प्रोफेसर वगैरे नाही. भाची बोलायला लागली तेव्हापासून या विषयाचं वेड लागलं आणि तेव्हापासून जे मिळेल ते वाचत आले, एवढंच. पण वाचून एक गोष्ट पक्की बसली की आपण मुलांना बोलायला ‘शिकवत’ नाही. भाषा मूल स्वतः बांधतं. आपलं काम वेगळं आहे आणि ते फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे समोर असणं आणि उत्तर देणं.

बरं, हे काम जन्मानंतर सुरू होतं असंही नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत बाळाला ऐकू यायला लागलेलं असतं. पोटातून शब्द नीट कळण्याची शक्यता नाही, पण बोलण्याचा सूर, चढउतार, लय हे पोचतं. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांना एक खास चोखणी दिली, चोखण्याचा वेग बदलला की कधी स्वतःच्या आईचा आवाज लागायचा, कधी दुसऱ्या बाईचा. बाळांनी चोखणं असं बदललं की आईचा आवाज जास्त ऐकू यावा. दोन दिवसांचं बाळ, डोळे धड उघडत नाहीत, आणि आवाज निवडतंय! २००९ मध्ये तर फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांचं नुसतं रडणं रेकॉर्ड करून तपासलं, एकूण ६० बाळं, आणि दिसलं काय तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक वेळा वर चढत जातो, जर्मन बाळांचा वरून खाली येतो, जसा त्या त्या भाषेच्या बोलण्याचा असतो तसाच.

आता आवाजांबद्दल. हा भाग आपल्यासाठी खास आहे कारण त्यात ‘ट’ आणि ‘त’ आहेत. आपल्याला टाप आणि ताप वेगळे ऐकू येतात यात विशेष काही वाटत नाही, पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसाला हा फरक सांगूनही नीट ऐकू येत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हेच तपासलं, हिंदीतले ट आणि त घेऊन. इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हा फरक आरामात ओळखत होती. ज्या भाषेशी त्यांचा काडीचा संबंध नाही तिचा फरक! आणि १० ते १२ महिन्यांची इंग्रजी बाळं? जवळजवळ कुणालाच ओळखता आला नाही. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांना मात्र येत होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, की अरे एवढी मोठी शक्ती चार-सहा महिन्यांत हातची जाते. पण पुढे वाचल्यावर कळलं की हे गमावणं नाहीये, हे नेम धरणं आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या टीमला असं दिसलं की सात-साडेसात महिन्यांची जी बाळं स्वतःच्या भाषेतले फरक चांगले ओळखतात त्यांची भाषा पुढे भराभर वाढते, आणि जी परक्या भाषेतलेच फरक अजून चांगले ओळखत राहतात त्यांची जरा सावकाश. म्हणजे आपल्या भोवती कुठली भाषा आहे हे ठरवून बाळाने कान तिकडे वळवलेले असतात.

दुसरा मोठा प्रश्न असा की शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बाळाला कळतं कसं. लिहिताना आपण जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. अजिबात न येणाऱ्या भाषेतली बातमी ऐका, सलग आवाजाचा ओघ असतो नुसता. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ८ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग माळ ऐकवली, कुठे थांबा नाही, कुठे जोर नाही, फक्त एवढंच की काही अक्षरं कायम एकमेकांच्या मागोमाग यायची आणि काही फक्त कधीमधी. फक्त दोन मिनिटं ऐकवली. त्यानंतर बाळांना कायम एकत्र येणारे गट आणि इतर गट यातला फरक कळत होता, ते किती वेळ लक्ष देऊन ऐकतात त्यावरून मोजलं. म्हणजे कुठल्या अक्षरामागून कुठलं अक्षर येण्याची शक्यता जास्त आहे याचा हिशोब बाळ करतं, आणि आपण म्हणतो अजून काही कळत नाही त्याला.

कळतं की. बर्गेल्सन आणि स्विंगली यांच्या २०१२ च्या कामात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना दोन चित्रं दाखवून आईने एकाचं नाव घेतलं की बाळांची नजर त्या चित्राकडे जास्त वळत होती. खाण्याच्या वस्तू, शरीराचे अवयव असे रोजचे शब्द. तोंडातून पहिला शब्द यायला अजून निदान तीन-चार महिने असतात आणि समजणं आधीच सुरू झालेलं असतं. त्यामुळे बाळासमोर त्याच्याबद्दल बोलताना जरा जपून बोलावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. साधारण सहा-सात महिन्यांपासून बाळ बाबाबा, दादादा, मामामा सुरू करतं. त्याला अर्थ नसतो, पण आपण काय करतो त्यावर बरंच अवलंबून असतं. मायकेल गोल्डस्टीन या संशोधकाने आठेक महिन्यांच्या बाळांच्या आयांना दोन गटात विभागलं. एका गटातल्या आयांना सांगितलं की बाळाने आवाज काढला की लगेच हसा, जवळ जा, हात लावा. दुसऱ्या गटातल्या आयांनीही तितक्याच वेळा हसायचं, जवळ जायचं, हात लावायचा, पण सूचना मिळेल तेव्हा, बाळाच्या आवाजाशी वेळ जुळवून नाही. प्रेम दोन्हीकडे सारखंच मिळालं. तरीही पहिल्या गटातल्या बाळांची बडबड त्या तेवढ्या वेळातच जास्त बोलण्यासारखी झाली, दुसऱ्या गटात तसं झालं नाही. मी आवाज काढला आणि समोरून काहीतरी झालं, हे बाळाला कळतं, आणि त्यावरच ते पुढचं पाऊल टाकतं.

म्हणूनच टीव्ही आणि मोबाईलवरच्या ‘बाळाला बोलायला शिकवा’ टाइपच्या व्हिडिओंबद्दल मला एवढं बोलावंसं वाटतं. २००३ मध्ये कूल यांच्याच टीमने ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली, १२ बैठका. काही बाळांसमोर खरी माणसं बसून गोष्टी वाचत होती, खेळत होती, काहींना त्याच माणसांचं तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, काहींना नुसता आवाज. खऱ्या माणसांबरोबर बसलेली बाळं मँडरिनमधले आवाज ओळखण्यात पार तिकडच्या बाळांच्या बरोबरीला आली. टीव्हीवाल्या बाळांना काहीही मिळालं नाही, अक्षरशः शून्य, जणू त्यांनी ती भाषा ऐकलीच नव्हती. स्क्रीन वाईट म्हणून असं झालं असं मात्र नाही हं, कारण २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवीन क्रियापदं शिकली पण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. फरक समोरचं माणूस उत्तर देतंय की नाही याचा आहे. तेव्हा लांब राहणाऱ्या आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तासभर "कोण आहे तिथे, काय करतंय माझं बाळ" करत बसणं म्हणजे टाइमपास नाही, ते जरूर करावं.

लहान बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप चिरका, संथ आणि लाडिक होतो त्याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या भाषांमधल्या आईबापांचं बोलणं तपासलं तर सगळीकडे वरचा सूर, मोठे चढउतार, छोटी वाक्यं, जास्त थांबे. बाळांनाही तेच ऐकायला आवडतं. फक्त "काय ले छोन्या" असं मुद्दाम बोबडं बोलणं ही वेगळी गोष्ट, त्याची गरज नाही, सूर लाडिक असला आणि शब्द नीट असले तरी पुरतं.

पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाला दहाव्या महिन्यात येतो, कुणाला चौदाव्या, आणि पहिला शब्द लवकर आला म्हणून मूल हुशार असलं काही नसतं, हे शेजारच्या काकूंना कितीही सांगितलं तरी पटत नाही. त्याच्या आधी येणारं बोट दाखवणं मला जास्त मोठं वाटतं. नऊ-दहा महिन्यांपासून बाळ पंख्याकडे, मांजराकडे, दिव्याकडे बोट दाखवून आपल्याकडे वळून बघतं, म्हणजे ‘बघितलंस का तू पण?’ तिथे भाषेचं अर्धं काम झालेलं असतं, कारण दोन माणसं एका गोष्टीकडे बघतायत आणि दोघांना ते माहीत आहे. त्या क्षणी त्या गोष्टीचं नाव घेतलं तर ते पटकन रुजतं. टोमासेलो आणि फॅरर यांनी १९८६ मध्ये हेच दाखवलं की मूल ज्याकडे आधीच बघतंय त्याचं नाव सांगितलं तर ते शिकतं, त्याचं लक्ष तिथून ओढून दुसऱ्या वस्तूकडे नेऊन नाव सांगितलं तर फारसं उपयोगी पडत नाही. आणि आपण काय करतो, मूल मुंगी बघत असतं आणि आपण पुस्तक पुढे धरून "हा बघ एलिफंट" म्हणतो. मुंगीबद्दल बोला ना!

सुरुवातीच्या शब्दांचे अर्थही मुलं स्वतः आखत असतात. भू भू म्हणजे आधी सगळीच चार पायांची जनावरं, मग हळूहळू म्हैस वेगळी होते, मांजर वेगळी होते. दीड-दोन वर्षांपासून शब्दांचा वेग वाढतो आणि मग तर एकदा ऐकलं तरी पुरतं. १९७८ मध्ये सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना सहज बोलता बोलता सांगितलं की तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियमवाला. हे रंगाचं नाव मुलांना माहीतच नव्हतं, ट्रे शेवाळी रंगाचा होता. मुलांनी बरोबर आणला, आणि पुढे काही दिवसांनी विचारलं तर बऱ्याच जणांना तो एक रंग आहे एवढं तरी आठवत होतं. कुणी शिकवणी घेतली नव्हती, काम करता करता झालं ते.

उच्चारांचंही तसंच. राजाला ‘लाजा’ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही मुद्दाम "लाजा?" असं विचारून बघा, ते चिडून म्हणेल, "लाजा नाही, लाजा!" म्हणजे त्याच्या कानाला र आणि ल वेगळे आहेत, आपण चुकलोय हे त्याला कळतंय, फक्त त्याची जीभ अजून तिथे पोचत नाहीये. बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी १९६० मध्ये इंग्रजी मुलाची अशीच नोंद केली होती, माशाला ‘फिस’ म्हणणारं मूल मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं चालवून घेत नव्हतं. काकाला ‘ताता’ म्हणणं, दोन अक्षरांतलं एक खाऊन टाकणं, जोडाक्षर मोडणं, हे सगळं ठरावीक पद्धतीने होतं, आणि बहुतेक मुलांचं आपोआप सुटत जातं. मराठीत र आणि ळ उशिरा येतात, त्यासाठी घाई नको.

आणि मराठीत अजून एक गोष्ट फार सुंदर दिसते. दिवसभर आईबरोबर असणारे छोटे मुलगे बिनधास्त "मी जाते", "मी खेळते" म्हणत असतात, आणि मोठ्या भावाच्या मागे मागे फिरणाऱ्या मुली "मी येतो", "मी करतो". लोक हसतात, मुलाला "तू काय मुलगी आहेस का" म्हणून चिडवतात, ते तर मला अजिबात आवडत नाही. त्या मुलाने काय ओळखलं बघा, ‘मी’ म्हणणारं माणूस स्वतःबद्दल बोलताना क्रियापदाला काहीतरी लावतं. फक्त ते बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, ही दुसरी पायरी बाकी आहे. ‘मी’ आणि ‘तू’ मध्येही गोंधळ होतो कारण हे शब्द विचित्रच आहेत ना, आई म्हणजे आईच, पण ‘मी’ म्हणजे कोण हे बोलणारा बदलला की बदलतं. दोन-अडीच वर्षांचं मूल हे सगळं सोडवत असतं, खेळता खेळता.

मग चुका दुरुस्त करायच्या की नाही? रॉजर ब्राऊन यांनी अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा अशी बदललेली नावं दिलेल्या तीन मुलांचं घरातलं बोलणं बराच काळ रेकॉर्ड केलं, आणि त्यात दिसलं की आईबाप व्याकरण फारसं दुरुस्त करतच नाहीत, ते दुरुस्त करतात खरं-खोटं. वाक्य मोडकंतोडकं पण गोष्ट खरी असेल तर "हो हो", वाक्य शुद्ध पण गोष्ट चुकीची असेल तर "नाही". तरी मुलं शुद्ध बोलायला शिकतात. डेव्हिड मॅकनील यांनी सांगितलेला एक संवाद या विषयात खूप प्रसिद्ध आहे, त्यात एक आई मुलाचं चुकीचं वाक्य तब्बल आठ वेळा बरोबर करून सांगते, मूल आठही वेळा तेच चुकीचं वाक्य म्हणतं आणि शेवटी "अच्छा, कळलं" अशा थाटात अजून एक नवी चूक घालून तेच म्हणतं. मूल हट्टी नव्हतं. त्याच्या आतल्या नियमांत त्या दुरुस्तीला अजून जागाच नव्हती.

त्यापेक्षा सोपं आहे. मूल म्हणालं "मी करलं", आपण म्हणावं "हो? तू केलंस? एवढं सगळं तूच केलंस?" बस. बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, आणि गप्पा तुटल्या नाहीत. सारखं "म्हणून दाखव, नीट म्हण, काकांना सांग हा कुठला कलर" करत राहिलं की मुलं बोलणंच टाळायला लागतात, हे मी अनेक घरांत बघितलंय. परीक्षा घेणाऱ्या माणसाशी आपल्याला तरी कुठे गप्पा माराव्याशा वाटतात.

मुलांच्या डोक्यात हे नियम येतात कुठून यावर मोठं भांडण आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर म्हणायचे सवय आणि बक्षीस, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये त्यांच्यावर जबरदस्त टीका केली आणि पुढे मांडलं की मुलांना ऐकायला मिळतं त्या मानाने त्यांना येतं फार जास्त, म्हणजे भाषेचा काही आराखडा जन्मतःच असला पाहिजे. टोमासेलोसारखे लोक म्हणतात तसं नाही, माणसाचा हेतू ओळखणं आणि नमुने पकडणं एवढ्यावर भाषा उभी राहते. मला स्वतःला टोमासेलोंची बाजू जास्त पटते, पण चॉम्स्की आणि टोमासेलो या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे की मूल नुसतं ऐकून घेणारं भांडं नाही.

किती बोलायचं याचंही टेन्शन आजकालच्या आईबापांना खूप आहे. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ अमेरिकन कुटुंबांवरून अंदाज काढला की गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत चार वर्षांपर्यंत ३ कोटींचा फरक पडतो, आणि तो आकडा जगभर फिरला. त्यावर नंतर बरीच टीका झाली, कुटुंबं कमी होती, घरातल्या इतर लोकांचं बोलणं मोजलं नव्हतं. २०१८ मधल्या एका अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांमध्ये शब्दांच्या संख्येपेक्षा संवादाच्या आलटून पालटून फेऱ्या किती होतात याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. आणि जगात असेही समाज आहेत जिथे तान्ह्या बाळाशी थेट फारसं कुणी बोलतच नाही, पापुआ न्यू गिनीमधले कालुली लोक, मेक्सिकोतली त्सेल्ताल माया गावं. त्सेल्ताल बाळांशी थेट बोलणं तासाला चारेक मिनिटंही होत नव्हतं, तरी बडबड, पहिला शब्द, दोन शब्दांची वाक्यं साधारण त्याच वयात. ती बाळं सतत माणसांत असतात, पाठीवर, कडेवर, मोठ्यांच्या बोलण्याच्या मध्ये. त्यामुळे ऑफिसातून थकून येणाऱ्या आईने "मी दिवसाला पुरेसे शब्द बोलले नाही" म्हणून रडायचं काही कारण नाही. आंघोळ घालताना, कपडे बदलताना दहा मिनिटं मनापासून झालेल्या गप्पा पण गप्पाच असतात.

घरात दोन भाषा असतील तर? बोला, दोन्ही बोला. "मूल बोलत नाही ना, मग घरात एकच भाषा ठेवा" हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि त्या पायी कित्येक आजी-आजोबांची भाषा नातवंडांपर्यंत पोचत नाही याचं मला खरंच दुःख होतं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं याला आधार नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही गोंधळ नाही, मोठी माणसं तेच करतात. दोन भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं सुद्धा दोन्ही भाषा ओळखीच्या असल्यासारखी ऐकतात आणि तरी त्या दोन्हींतला फरकही त्यांना कळतो, हे २०१० मध्ये इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली भाषा) बोलणाऱ्या घरांत दिसलंय.

पण "बोलेल हळूहळू, त्याचे वडीलपण उशिराच बोलले होते" हे वाक्य मात्र प्रत्येक वेळी ठीक नसतं. वर्षाचं झालं तरी बाबाबा-दादादा नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात बंद झाले, तर वाट बघू नका. यातली बरीच मुलं पुढे नीट बोलतात, हे खरं आहे, पण कुठली ते आधी घरबसल्या ओळखता येत नाही. सगळ्यात आधी कानाची तपासणी. मूल दार आपटल्यावर दचकतं म्हणजे ऐकू येतं असं नसतं, मोठे आवाज ऐकू येऊन बोलण्यातले बारीक आवाज निसटत असू शकतात. गंमत म्हणजे ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो, ती अडकतात ते बाबाबा-दादादाच्या टप्प्यावर.

ऐकू येत नसेल तर भाषा नाही असं मात्र मुळीच नाही. घरात खुणांची भाषा असेल तर कर्णबधिर बाळं हातांनी बडबड करतात, लॉरा पेटिटो यांनी १९९१ मध्ये ते नोंदवलंय, बाबाबासारखीच हातांची परत परत होणारी अर्थ नसलेली हालचाल. मेंदूला आवाजच हवा असतो असं नाही, त्याला समोर भाषा आणि माणूस हवं असतं. अकबराने काही तान्ही मुलं मुक्या दायांच्या हाती वेगळ्या महालात ठेवली होती, काही न ऐकता मुलं आपोआप बोलतात का ते बघायला, अबुल फजलने लिहिलंय की काही वर्षांनी बादशहा गेला तेव्हा त्यांच्याकडून बोलणं आलंच नाही. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल हा विचार मला सोडत नाही. उलट निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी मनाग्वा शहरात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली, तोपर्यंत ही मुलं आपापल्या घरी एकटी होती. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश शिकवत होते, ते फारसं जमलं नाही, पण पटांगणात आणि बसमध्ये मुलांनी घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि त्यातून नवी भाषा तयार झाली. आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिलं. अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की ‘गडगडत खाली गेलं’ हे शाळेत सुरुवातीला आलेली पिढी बहुतेक वेळा एकाच हालचालीत नक्कल करून दाखवत असे, पण नंतर येऊन लहान वयात ती भाषा शिकलेली मुलं गडगडणं वेगळं आणि खाली जाणं वेगळं, असे दोन तुकडे करून एकामागे एक मांडत. शिकवणारं कुणी मोठं नव्हतं, उत्तर देणारी दुसरी मुलं होती.

म्हणून तान्ह्या बाळांच्या बाबतीत माझं एवढंच कळकळीचं म्हणणं आहे, डॉक्टर जो नियम सांगतात १-३-६ चा, एका महिन्याच्या आत कानाची पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू, तो टाळू नका. चाचणीत बाळाला काही दुखत नाही, बऱ्याचदा ते झोपेतच होतं. आणि ऐकू येत नाही असं कळलं तर कानाचं मशीन बसेपर्यंत, थेरपी सुरू होईपर्यंत थांबून राहू नका, खुणांची भाषा शिकवणारी माणसं शोधा, स्वतः शिका, आणि त्याच दिवसापासून बाळाशी हातांनी बोलायला लागा.